जंतूंचे दोन रकाने



गेली अनेक वर्षे मी नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवीत आलो आहे. सहामाही परीक्षेत माझा एक प्रश्न ठरलेला असे : ‘पुढील सूक्ष्मजंतूंचे उपयुक्त व हानिकारक अशा दोन रकान्यांत वर्गीकरण करा.’ मुलांना सोपा आणि मला तपासायलाही सोपा. दह्यातले जंतू डावीकडे, पटकीचे उजवीकडे, की झाले काम.

एका वर्षी एका मुलीने ई. कोलाय या जंतूचे नाव दोन्ही रकान्यांच्या मधोमध, अगदी रेघेवर लिहिले. मी अर्धा गुण कापला. उत्तरपत्रिका वाटल्यावर ती टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, तो आपल्या आतड्यात असतो तेव्हा त्याचा त्रास नसतो, उलट मदतच होते. पण तोच लघवीच्या मार्गात गेला तर आजार होतो. मग मी त्याला कुठल्या रकान्यात लिहू?”

मी म्हणालो, “अगं, परीक्षेत हानिकारकमध्येच लिहायचं.” तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण घरी जाताना माझी मलाच लाज वाटू लागली. चूक मुलीच्या उत्तरात नव्हती, माझ्या प्रश्नात होती.

तेव्हापासून जसजसे वाचत गेलो तसतसे माझे मत पक्के होत गेले, आणि तेच आज तुमच्यापुढे व तुमच्या शिक्षकांपुढे मांडतो आहे. ‘उपयुक्त’ आणि ‘हानिकारक’ हे दोन रकाने आपण विज्ञानाच्या वहीतून काढून टाकले पाहिजेत. त्यांनी जंतूंविषयी आपल्याला फार थोडे कळते, आणि जे कळते तेही वाकडे कळते. या वाकड्या समजुतीची किंमत आपण शेतात आणि दवाखान्यात मोजतो आहोत.

हे जीव आहेत तरी कोण?

आधी थोडी ओळख करून घेऊ. तुमच्या-माझ्या पेशीत केंद्रक असते व त्याभोवती आवरण असते. गुलाबाच्या, गांडुळाच्या, बुरशीच्या पेशीतही ते असते. जीवाणूंच्या पेशीत असे आवरण असलेले केंद्रक नसते. त्यांची आनुवंशिक द्रव्याची गुंडाळी पेशीद्रवातच असते. म्हणून अशा जीवांना आदिकेंद्रकी म्हणतात.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासून बनवलेल्या भिंगांतून हे जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पुढे तीनशे वर्षे आपण समजत होतो की हे सगळे एकाच कुळातले. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून दाखवले की, यांत दोन अगदी वेगळी कुळे आहेत. एक जीवाणूंचे आणि दुसरे आर्कियांचे. सूक्ष्मदर्शकातून दोन्ही सारखेच दिसतात. पण आर्कियांचे नाते अनेक बाबतींत जीवाणूंपेक्षा तुमच्या-माझ्या पेशींशी जवळचे आहे!

यांची विविधता किती म्हणून सांगावी? काही गंधकावर जगतात, काही लोहावर. काही उकळीच्या जवळ पोचलेल्या पाण्यात राहतात. अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत १९६६ साली सापडलेल्या एका जीवाणूपासून पुढे एक विकर मिळाले. उष्णतेत न बिघडणारे हे विकर म्हणजे आरटी-पीसीआर तपासणीचा कणा. कोरोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोचले. जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत हा नियमही आता मोडला आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावरच्या खारफुटीत सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा जीवाणू सापडल्याचे २०२२ साली जाहीर झाले.

आणि संख्या? माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, तर शरीरातले जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी, असा २०१६ सालचा अंदाज आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीप्रमाणे पृथ्वीवरच्या सर्व जीवाणूंमधील कार्बनचे वजन हे सर्व प्राण्यांमधील कार्बनच्या तीसपटींहून अधिक भरते. या प्राण्यांत हत्ती, देवमासे, मुंग्या आणि माणसे सगळी आली.

शास्त्रज्ञांनी रीतसर नाव दिलेल्या आदिकेंद्रकी जाती वीस हजारांवर आहेत. माणसाला रोग करणाऱ्या त्यांतल्या दीड हजारांच्या आसपास. नाव नसलेल्या जाती किती तरी पट अधिक, कारण बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढायलाच तयार नसतात. आता सांगा, एवढ्या अफाट जगाला ‘आमच्या कामाचे’ आणि ‘आमच्या वाईटाचे’ असे दोनच रकाने पुरतील काय?

तीन प्रश्न

रकान्यांऐवजी मी आता वर्गात तीन प्रश्न विचारतो. हा जीव काय खातो? काय टाकतो? आणि त्याने टाकलेले पुढे कोण खातो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत गेलो की निसर्गाचा सगळा व्यवहार उलगडू लागतो.

रकान्यांतला सर्वांत बदनाम जंतू घेऊ या, पटकीचा. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात याच जंतूचा अभ्यास केला. त्याचे विष नेमके कसे काम करते याचा धागा १९५९ साली त्याच शहरात शंभुनाथ डे या भारतीय शास्त्रज्ञाने शोधला. पटकीने या देशात गावेच्या गावे ओस पाडली. ते दुःख लहान नव्हे. पण हा जंतू मुळात राहतो कुठे? खाडीच्या मचूळ पाण्यात, कोळंबीच्या जातीच्या चिमुकल्या प्राण्यांच्या अंगावर. त्यांची कवचे कायटिन नावाच्या चिवट पदार्थाची असतात. हा जंतू ते कायटिन खातो आणि त्यातला कार्बन व नायट्रोजन पुन्हा पाण्यात खेळता ठेवतो. त्याच्या बहुसंख्य वाणांना माणसाशी काही कर्तव्य नसते. साथ आणणारे वाण मोजकेच आहेत, आणि त्यांच्याजवळचे विषाचे जनुकही एका विषाणूने त्यांना आणून दिलेले आहे. हे १९९६ साली सिद्ध झाले. म्हणजे खाडीतल्या सफाई कामगाराच्या हाती कोणीतरी विषाची बाटली दिली आणि आपण त्याचे पिण्याच्या पाण्याशी नाते जोडले. यात घाण पाण्याचा, म्हणजे आपल्या व्यवस्थेचा, दोष किती हा प्रश्न उजव्या रकान्यात नाव लिहून टाकले की कोणी विचारतच नाही.

आता उलट बाजू पाहू. गोबर गॅसच्या टाकीत शेणातले तंतुमय पदार्थ जीवाणू फोडतात. त्यांनी टाकलेल्या आम्लांवर आणि हायड्रोजनवर काही आर्किया जगतात आणि मिथेन वायू टाकतात. तो चुलीत जळला की आपण म्हणतो, ‘उपयुक्त!’ पण याच जातीचे आर्किया गाई-म्हशींच्या पोटात आणि भाताच्या खाचरातल्या चिखलातही असतात. तिथला मिथेन हवेत जातो आणि, वजनास वजन घेतले व शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर कार्बन डाय-ऑक्साइडच्या अठ्ठावीसपटींच्या आसपास उष्णता अडवतो. जीव तेच, काम तेच, जागा तेवढी वेगळी. सांगा, कुठल्या रकान्यात लिहाल?

मुळावरचा कारखाना

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो वनस्पतींना तसाच्या तसा घेता येत नाही. खतांच्या कारखान्यात त्याचा अमोनिया करायला चारशे अंश सेल्सियसहून अधिक तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशेपट वा त्याहूनही अधिक दाब लागतो. भुईमुगाच्या मुळावरच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीत हेच काम शेतातल्या नेहमीच्या तापमानाला चालते. ते करणारा जीवाणू डच शास्त्रज्ञ बायजेरिंकने १८८८ साली गाठींतून वेगळा काढला. पीक त्याला साखर देते आणि तो पिकाला नायट्रोजन देतो. भातखाचरांत हेच काम नीलहरित जीवाणू करतात, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. मातीतले दुसरे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तिसरे त्याचे नायट्रेट करतात. आणि चौथे जीवाणू नायट्रेटमधला नायट्रोजन सुटा करून परत हवेत सोडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चौथे चोरच! घातलेले खत ते उडवून लावतात. मात्र ते नसते तर नायट्रेट झऱ्यांत, विहिरींत आणि समुद्रात साठत गेले असते आणि नायट्रोजनचे चक्र एका टोकाला अडकून पडले असते. चक्रातला एक आरा हानिकारक आणि दुसरा उपयुक्त, असे म्हणता येते का?

लोणारचा गुलाबी रंग

काही जीव तर कोणत्याच रकान्यात येत नाहीत, म्हणून आपल्याला दिसतही नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर तुम्हांला ठाऊक आहे. अशनीच्या आघाताने काळ्या खडकात पडलेल्या खळग्यातले ते खारे पाणी सोड्यासारखे अल्कधर्मी आहे. मासे त्यात जगत नाहीत. म्हणून कित्येक प्रवासी ते ‘मेलेले पाणी’ आहे असे समजत.

जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले. तर्ककुतर्कांना ऊत आला. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि उलगडा झाला. पाऊस कमी, ऊन कडक, त्यामुळे पाणी आटून क्षार वाढले होते, आणि खारट पाण्यात राहणारे आर्किया भरमसाट वाढले होते. उन्हापासून बचाव करणारे गुलाबी रंगद्रव्य त्यांच्या पेशीत असते. पुढे पाऊस पडला, क्षार पातळ झाले आणि रंग गेला.

रंग गेला, पण ते जीव गेले नाहीत. ते तिथे पूर्वीही होते, आजही आहेत. त्या पाण्यात कोण काय खातो आणि काय टाकतो, यावर तिथली सगळी जीवसृष्टी उभी आहे. माणसाला त्यांचा काही उपयोग आहे की नाही हा प्रश्न त्यांना लागूच पडत नाही. रंग पालटला नसता तर आपण त्यांची दखल घेतली असती का?

ज्यांनी हवा बदलली

आता सर्वांत मोठे उदाहरण. पृथ्वीच्या पहिल्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. नीलहरित जीवाणूंनी पाणी फोडून प्रकाशसंश्लेषण करायला सुरुवात केली आणि टाकाऊ पदार्थ म्हणून प्राणवायू सोडला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. त्या काळच्या बहुतेक जीवांना हा वायू म्हणजे विष होते. जे टिकले ते चिखलात, खोल पाण्यात, जिथे हवा पोचत नाही तिथे जाऊन राहिले. गोबर गॅसच्या टाकीत भेटलेले आर्किया आजही हवाबंद जागाच शोधतात.

त्या काळी कोणी परीक्षा घेतली असती तर नीलहरित जीवाणूंचे नाव सर्वांनी ‘हानिकारक’ रकान्यात लिहिले असते. आणि आज त्यांच्यामुळेच आपण श्वास घेतो आहोत. त्यांच्यातलाच प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीवाणू उष्ण समुद्रांत इतका आहे की, एका मिलिलिटर पाण्यात त्याच्या एक लाखापर्यंत पेशी भरतात. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येने हा पहिला. पण एवढा सर्वत्र असूनही तो १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कोणाला माहीतच नव्हता. आपले अज्ञान किती मोठे आहे याचा हा पुरावा समजावा.

किंमत कोण मोजतो?

कोणी म्हणेल, ‘सर, मान्य. पण एक कोष्टक चुकीचे असले तर एवढे काय बिघडले?’

बिघडले असे. उजवा रकाना मनात ठसला की प्रत्येक जंतू शत्रू वाटू लागतो. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविक औषध चालत नाही. तरी आपण औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो, दोन दिवस घेतो आणि बऱ्या वाटल्या की सोडतो. औषधाला रकाने वाचता येत नाहीत. ते आतड्यातल्या निरुपद्रवी जीवाणूंनाही मारते. जे दाद देत नाहीत तेच उरतात, आणि दाद न देण्याचे जनुक ते शेजाऱ्याला, अगदी दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्यालाही देऊ शकतात. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मौज अशी की बरीचशी प्रतिजैविके आपल्याला दिली तीही जीवाणूंनीच. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूपासून मिळाले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीवरचे हॅमायसिन हे औषध ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याच्या जातीला पिंपरीवरूनच ‘पिंप्रिना’ हे नाव मिळाले. पहिल्या पावसात येणारा मातीचा वासही बहुतांशी याच स्ट्रेप्टोमायसिस कुळाचा! त्या वासावर आपण भाळतो, आणि तो ज्याचा आहे त्याला मात्र ‘जंतू’ म्हणून नाक मुरडतो.

दुसरी किंमत माती मोजते. जीवाणू म्हणजे रोग असे मनात बसलेल्या मुलाला पुढे शेतकरी झाल्यावर जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर विश्वास कसा बसेल? ते पाकीट २५० ग्रॅमचे असते, दहा किलो बियाण्याला पुरते. बियाण्याला चोळून ते सावलीत का वाळवायचे, उन्हात का नाही, हे कळायला आत जिवंत जीवाणू आहेत हे आधी पटावे लागते. आणि डाळवर्गीय पिकाला भरमसाट युरिया दिला की गाठी कमी धरतात, हेही ध्यानात येत नाही. मालकाने बाजारातून आयते आणून दिल्यावर गडी कशाला राबेल?

मग रोगांचे काय?

माझे काही शिक्षक मित्र म्हणतात, ‘तुम्ही जंतूंचे कौतुक सांगाल आणि मुले हात धुवायची बंद करतील.’ ही शंका रास्त आहे. क्षय, विषमज्वर, धनुर्वात हे खरे आहेत, त्यांनी घरे उद्ध्वस्त केली आहेत. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, पाणी शुद्ध करून प्यावे, लसी वेळेवर घ्याव्यात आणि डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे. यात मी तिळमात्रही सूट मागत नाही.

पण हात का धुवायचे याचे खरे उत्तर ‘जंतू वाईट असतात’ हे नव्हे. ‘मातीत वा आतड्यात ज्याचे घर आहे तो जखमेत वा अन्नात जाऊ नये’ हे खरे उत्तर. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि गुरांच्या आतड्यात असतो. खोल जखमेत हवा पोचत नाही म्हणून तो तिथे वाढतो. हे समजलेला मुलगा गंजलेला खिळा टोचल्यावर घाबरून बसणार नाही, जखम धुवून लस घ्यायला जाईल. समजून घेतलेली सावधगिरी भीतीपेक्षा जास्त दिवस टिकते, असा माझा अनुभव आहे.

करून पाहा

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी महागडे सूक्ष्मदर्शक लागत नाही.

पावसाळ्यात भुईमुगाचे वा मुगाचे एक रोप मातीसकट अलगद उपटा. मुळे पाण्यात धुवा आणि एक गाठ ब्लेडने कापा. आतला रंग गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातला पदार्थ देतो. हिरवट वा तपकिरी असेल तर काम थांबले आहे. युरिया दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यातील गाठी मोजून तुलना करा.

दुसरा प्रयोग रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीच्या नावाने ओळखला जातो. तळ्याच्या वा ओढ्याच्या काठचा काळा चिखल घ्या. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, थोडी खडूची पूड आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक कालवा. उंच पारदर्शक बाटलीत हा चिखल निम्म्याहून थोडा वर भरा, वर तळ्याचे पाणी घाला, झाकण सैल ठेवा आणि उजेडाच्या खिडकीत ठेवा. थेट कडक ऊन नको. दीड-दोन महिन्यांत बाटलीत थर उमटतील : वर हिरवा, मध्ये जांभळट वा तांबूस, तळाशी काळा. प्रत्येक थरात वेगळे जीवाणू, आणि एकाने टाकलेले दुसऱ्याचे अन्न. बाटली उघडून हुंगू नका, हाताळल्यावर हात धुवा.

मुलांवर विश्वास टाकायला हरकत नाही, याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१२ साली हैदराबादेत जैवविविधतेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या वेळी दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून घोषित केले. त्याची निवड केली होती ती ‘सायन्स एक्सप्रेस’ ही प्रदर्शनाची रेल्वेगाडी पाहायला आलेल्या शाळकरी मुलांनी.

माझ्या प्रश्नपत्रिकेतून तो जुना प्रश्न मी काढून टाकला आहे. आता विचारतो : ‘कोणत्याही एका आदिकेंद्रकी जीवाचे नाव लिहा. तो काय खातो, काय टाकतो आणि ते पुढे कोण वापरतो, ते सांगा.’ उत्तरे तपासायला वेळ जास्त लागतो. कधी कधी एखादे उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहायला मलाच पुस्तक उघडावे लागते.

त्या मुलीचा अर्धा गुण मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर परत दिला. तुमच्या बाटलीत कोणत्या क्रमाने कोणते थर उमटले, आणि तुमच्या गावच्या भुईमुगाच्या गाठी आतून कोणत्या रंगाच्या निघाल्या, ते मासिकाकडे जरूर लिहून पाठवा.